बुद्धिबळातलं कॉम्बिनेशन दिसायला लागण्यासाठी ॲप की पुस्तक? दोन्ही करून बसलेल्याचं मत

ऑफिसमधल्या एका मित्राने परवा विचारलं, तू ट्रेनमध्ये रोज पझल्स सोडवतोस ना, मग सांग, टॅक्टिक्स सुधारायला, म्हणजे सोंगटी किंवा मात मिळवून देणारी चालींची मालिका (कॉम्बिनेशन) दिसायला लागायला, ॲप पुरेसं आहे की एखादं जाड पुस्तक घेऊ. त्याला लिफ्टची वाट बघता बघता काहीतरी उत्तर दिलं पण ते अर्धवट होतं, म्हणून जरा नीट लिहितो. पिन (मागच्या मोठ्या सोंगटीमुळे पुढचीला हलता न येणं), फोर्क (एकाच चालीत दोन सोंगट्यांवर मारा), डिस्कव्हर्ड चेक (मधली सोंगटी हटताच मागचीचा शह) वगैरे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

आधी ॲप. तीन वर्षं मी फक्त ॲपवरच होतो आणि त्याबद्दल वाईट बोलायला जीभ रेटत नाही. बोरिवलीहून सकाळच्या फास्टमध्ये एका हाताने वरची कडी धरलेली असताना दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने जे करता येतं ते एवढंच. लिचेस नावाचं ॲप तर पूर्ण फुकट, जाहिरातसुद्धा नाही, पझल्स लोकांनी खरोखर खेळलेल्या डावांतून काढलेली, आणि आज फक्त बॅक रँक (शेवटच्या रांगेत कोंडलेल्या राजाला मात) करायचंय, उद्या फक्त घोड्याचे फोर्क, असं विषय निवडूनही बसता येतं. अंधेरी येईपर्यंत माझी आरामात पंधरा-वीस व्हायची. हे नुसतं टाइमपास नाही बरं का. १९७३ साली चेस आणि सायमन या दोघांनी दाखवलं होतं की मोठे खेळाडू खऱ्या डावातली पोझिशन काही सेकंद बघून जवळजवळ तशीच्या तशी मांडतात, पण सोंगट्या कशाही विखरून ठेवल्या की त्यांची ती कमाल बरीचशी संपते. (संशोधकाचं आडनावच चेस, काय योगायोग.) म्हणजे डोक्यात ओळखीचे तुकडे साठलेले असतात, आणि तुकडे भराभर साठवायला ॲपसारखं दुसरं काही नाही.

आता माझी चिडचिड. ॲपमध्ये तुम्ही पहिली चाल खेळलात की समोरच्याची चाल आपोआप होते. झालं, एवढंच. ऐकायला काहीच वाटत नाही, पण या एका गोष्टीने माझी सवय बिघडली. हत्ती मारून शह द्यावासा वाटतो, देऊन बघतो, हिरवं आलं, समोरचा राजा स्वतःहून सरकला, मग पुढची चाल तर समोर दिसतेच. दोघांच्या मिळून पाच चालींचं कॉम्बिनेशन मी ‘सोडवलं’ असं स्क्रीन म्हणते, पण मी खरं तर एकेका चालीचे तीन अंदाज केलेले असतात. समोरचा काय करेल हा विचार मी कधी केलाच नाही, तो ॲपनेच केला. रेटिंग मात्र चढत होतं त्यामुळे कळायचं काही कारणच नव्हतं.

कळलं ते एका रविवारी, उपनगरातल्या एका हॉलमधल्या रॅपिड (कमी वेळाच्या डावांच्या) स्पर्धेत. समोर साठीच्या पुढचे एक काका. मी पांढरा. राजाचं प्यादं दोन घरं, त्यांचंही तेच, माझा घोडा एफ३ या घरावर, त्यांनी प्यादं डी६ ला, माझा उंट सी४, त्यांचा उंट जी४ वर येऊन माझा घोडा पिन. मी दुसरा घोडा सी३ ला काढला आणि त्यांनीही त्यांचा सी६ ला. आणि माझ्या डोक्यात घंटा वाजली, अरे ही तर लेगालची मात! वजीर सोडून द्यायचा, एफ३ च्या घोड्याने ई५ चं प्यादं मारायचं, त्यांनी वजीर खाल्ला की उंटाने एफ७ वर शह, राजा ई७, आणि दुसरा घोडा डी५ वर येऊन मात. ॲपवर किती वेळा केलंय. पाच सेकंदही न घेता ई५ मारलं.

काकांनी वजिराकडे बघितलंसुद्धा नाही. सी६ च्या घोड्याने माझा ई५ वरचा घोडा उचलला, घड्याळ दाबलं आणि हळूच म्हणाले, ‘‘घोडा फुकट दिलात का हो?’’

बघा ना, तो घोडा ई५ वर आला की जी४ चा उंट आपोआप राखला जातो, वजिराने मारायची सोय नाही, वर माझा सी४ चा उंटही त्याच्या मारात. हेच मी आधी एच३ ला प्यादं सरकवून त्यांचा उंट एच५ ला पाठवला असता तर तीच चाल चालली असती, कारण ई५ वरचा घोडा एच५ राखत नाही. मग मी वजिराने उंट घेतला असता, त्यांनी घोड्याने माझा सी४ चा उंट घेतला असता आणि मी वजिराने बी५ वर शह देऊन तो घोडा परत मिळवला असता, वर एक प्यादं जास्त. एका घराचा फरक. ओळख होती, हिशेब नव्हता. हा दोष ॲपचा की माझा? थोडा माझाही असेल, नाही म्हणत नाही.

त्यानंतर किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरून एक जुनं कॉम्बिनेशन्सचं पुस्तक घेतलं. छपाई फिकी, उत्तरं मागच्या पानांवर त्यामुळे एक बोट कायम तिथे अडकलेलं, आणि आधीच्या मालकाने अर्ध्या आकृत्यांवर पेन्सिलीने बाण काढून ठेवलेले. सुरुवातीला वैताग आला. रात्री जेवण झाल्यावर पाच पोझिशन्स, सोंगट्या न हलवता, पूर्ण उत्तर वहीत लिहायचं, समोरच्याच्या दोन-तीन उत्तरांसकट, आणि मगच मागचं पान उघडायचं. एकेकाला दहा-दहा मिनिटं जातात. पुस्तक राजाला स्वतःहून सरकवत नाही हो, तुम्हालाच सरकवावा लागतो, आणि तिथेच मला फरक पडला असं वाटतं. मोजून दाखवता येणार नाही, पण फुकट घोडे देणं बरंच कमी झालंय.

एक गोष्ट मात्र दोघांनाही जमत नाही. पझल म्हटलं की इथे काहीतरी आहे हे आधीच कळतं, डावात ते कोण सांगणार? २०२४ च्या डिसेंबरात सिंगापूरला जगज्जेतेपदाच्या लढतीच्या शेवटच्या, चौदाव्या डावात चीनच्या डिंग लिरेनने हत्ती एफ२ वर आणला, ज्याने हत्ती आणि मग उंटही बदलून गुकेशला जिंकणारी प्याद्यांची एंडगेम (फक्त राजे आणि प्यादी उरलेला शेवट) मिळत होती, आणि ते पहिल्या क्षणी आपल्यालाही दिसलं नव्हतं असं गुकेशच नंतर म्हणाला. तर आपलं काय घेऊन बसलात. त्यातल्या त्यात ॲपवर विषय न निवडता मिसळ लावली तर नुसता डाव वाचवायची पझल्सही मधूनमधून येतात, तेवढं बरं.

मग काय घ्यावं? तुम्ही अगदी नवीन असाल, फोर्क दिसायलाच वेळ लागत असेल, तर वर्षभर ॲपच करा, पुस्तकाने कंटाळून जाल. प्रवासात वेळ मिळतो आणि घरी मुलं झोपू देत नाहीत, तरीही ॲप. पण पॅटर्न ओळखू येतात आणि तरी डाव हरताय, असं असेल तर मी आपला पुस्तकाकडे बोट दाखवीन. सकाळची ट्रेन मी अजूनही ॲपलाच देतो, फक्त आता पहिली चाल खेळायच्या आधी शेवटची काय ते स्वतःला विचारतो, त्यामुळे अंधेरीपर्यंत चारच होतात आणि रेटिंगही खाली आलंय.

आणि फुटपाथवरून जुनं पुस्तक घेणार असाल तर खोडरबर घेऊन बसा. माझ्या पुस्तकातले ते पेन्सिलीचे बाण निम्मे चुकीचे निघाले, आणि त्यातले काही मी महिनाभर बरोबर समजत होतो.