आरटीएक्स ३०६०: सॉफ्टवेअरमध्ये फिरणारा, प्रत्यक्षात थांबलेला पंखा

आरटीएक्स ३०६० हे बारा जीबी मेमरीचे ग्राफिक्स कार्ड मी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधील रेंडरसाठी, म्हणजे सीनचे अंतिम चित्र तयार करण्यासाठी घेतले आणि त्या कामात त्याच्याविषयी माझी आजही तक्रार नाही. इंटिरियरचे जे मोठे सीन आठ जीबीच्या कार्डावर मेमरी संपून बंद पडत, ते येथे निमूटपणे पूर्ण होतात. तक्रार आहे ती पंख्यांची.

कार्ड थंड असताना या मॉडेलचे दोन्ही पंखे पूर्ण थांबतात. सुरुवातीचे काही महिने ही शांतता मला फार आवडली, कारण रात्री उशिरापर्यंत काम केले तरी घरात कोणाची झोपमोड होत नसे. आता माझे मत बदलले आहे. पंखा थांबलेला दिसणे हेच जिथे नेहमीचे, तिथे तो बिघडून थांबला आहे हे कोणाच्या लक्षात येणार?

एप्रिलमध्ये रेंडर रेंगाळू लागले. कार्डाची स्थिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये तापमान ८३ अंशांवर खिळलेले दिसले आणि १७७७ मेगाहर्ट्झच्या आसपास राहायला हवा असा बूस्ट क्लॉक, म्हणजे चिपचा कामाचा वेग, १५०० च्या खाली घसरलेला होता. ८३ अंशांना पोहोचले की कार्ड स्वतःचा वेग कमी करून तापमान रोखून धरते. त्यामुळे स्क्रीन काळी पडत नाही, मशीन बंद होत नाही, फक्त काम लांबते. पंख्याचा वेग मात्र सॉफ्टवेअर व्यवस्थित दाखवत होते.

ओळखीच्या दुकानदाराने थर्मल पेस्ट, म्हणजे चिप आणि तिची उष्णता शोषणारा धातूचा हीटसिंक यांमधील लेप, बदलण्याचा सल्ला दिला. हा सल्ला सर्रास दिला जातो, पण पैसे खर्च करण्यापूर्वी तो पडताळून पाहता येतो. पेस्ट सुकली किंवा चिपवरून सरकली की जीपीयूचे, म्हणजे कार्डाच्या मुख्य चिपचे तापमान आणि हॉटस्पॉट, म्हणजे तिच्यावरील सर्वांत तापलेल्या जागेचे तापमान, यांतील अंतर वाढते, कारण चिपच्या काही भागांतील उष्णता हीटसिंकपर्यंत नीट पोहोचत नाही. माझ्या कार्डात हे अंतर नवेपणी होते तेवढेच, बारा-तेरा अंशांचे होते. म्हणजे उष्णता हीटसिंकपर्यंत येत होती आणि तिथेच साठत होती. कॅबिनेटचे झाकण काढून चालू रेंडरमध्ये पाहिले, तर दोनपैकी एकच पंखा फिरत होता. काही कार्डांत दोन्ही पंखे एकाच कनेक्टरला जोडलेले असतात आणि वेगाची माहिती एकाच पंख्याच्या तारेतून येते. चालू राहिलेला पंखा नेमका तोच होता.

वॉरंटी शिल्लक असल्याने कार्ड सर्व्हिस सेंटरला नेले. ‘तापमान मर्यादेत आहे, आरपीएम (पंख्याचा वेग) योग्य आहे, दोष आढळला नाही,’ असा पहिला शेरा मिळाला. थांबलेल्या पंख्याचा मोबाइलवरील व्हिडिओ दाखवल्यावर मागच्या धातूच्या पट्टीवरील गंजाकडे बोट दाखवून, दमटपणामुळे झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही, असे सांगण्यात आले. मी घोडबंदर रोडला राहतो. खाडीचे दमट वारे आणि मेट्रो ४ च्या कामाची धूळ आमच्या घरी रोजचीच. ठाण्यात विकलेल्या वस्तूला ठाण्याची हवा सोसणार नसेल, तर हे पैसे घेण्यापूर्वी सांगायला हवे होते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि मगच कार्डाला स्क्रूड्रायव्हर लावला.

पंख्यांचा नवा जोड हजार रुपयांच्या आत मिळाला. मागवताना कार्डाच्या नावावर विसंबू नये; पंख्याच्या स्टिकरवरील क्रमांक, व्यास, स्क्रूंमधील अंतर आणि कनेक्टरच्या पिना जुळवाव्यात. माझ्या कार्डाचे वरचे आवरण हीटसिंक न काढता सुटले, त्यामुळे पेस्टला हात लावावा लागला नाही. जुना पंखा बोटाने ढकलला तरी लगेच अडत होता. अशा पंख्यातील स्लीव्ह बेअरिंगची, म्हणजे तेलाच्या थरावर आस फिरवणाऱ्या नळीची, झीज पंखा सुरू होण्याच्या क्षणी अधिक होते, कारण तेलाचा थर तोपर्यंत नीट तयार झालेला नसतो. दिवसभर थांबत-सुरू होत राहणाऱ्या पंख्याला हे सतत सोसावे लागते.

आता कार्डाचा वेग आणि पंखे नियंत्रित करणाऱ्या आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये पंखे किमान ३० टक्के वेगाने सतत फिरते ठेवले आहेत आणि पॉवर लिमिट (कार्डाने घ्यायच्या विजेची मर्यादा) ८० टक्क्यांवर, म्हणजे १७० ऐवजी १३६ वॅटवर आणली आहे. एसी नसलेल्या खोलीतही तापमान सत्तरच्या आत राहते आणि रेंडरच्या वेळेत पडलेला फरक मला सहज चालण्यासारखा आहे. पुढचे कार्ड घेताना मात्र बॉल बेअरिंगचे आणि प्रत्येक पंख्याचा वेग स्वतंत्र दाखवणारे मॉडेलच घेईन, मग त्यासाठी दोन-तीन हजार रुपये जास्त मोजावे लागले तरी चालतील.