पीक डिझाइन स्लाइड: पट्ट्याची खरी परीक्षा टोकाच्या चार बोटांत

कॅमेऱ्याचा पट्टा मधोमध तुटत नाही. बोटभर रुंद नायलॉनची पट्टी माणसाचं वजनही पेलते, मग दोन-अडीच किलोच्या कॅमेऱ्याची काय कथा. सुटतं, झिजतं, तुटतं ते टोकाशी, पट्टा कॅमेऱ्याला जोडला जातो त्या चार बोटांच्या जागेत. दुकानात मात्र आपण पट्टा खांद्यावर टाकून मऊपणा बघतो आणि टोकाकडे नजरही टाकत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या पीक डिझाइन कंपनीचा 'स्लाइड' आज लग्नाच्या फोटोग्राफरपासून ताडोबाच्या जिप्सीपर्यंत सगळीकडे दिसतो. त्याचा हिशेब आपण टोकापासूनच मांडू.

स्लाइड ४५ मिमी रुंद आहे, त्याचा धाकटा भाऊ 'स्लाइड लाइट' ३२ मिमी. कापड गाडीच्या सीटबेल्टसारखं गुळगुळीत नायलॉनचं. एका बाजूला सिलिकॉनच्या रेघा आहेत. ती बाजू आत घेतली की पट्टा खांद्यावर चिकटून राहतो, उलटा केला की अंगावरून सहज सरकतो. पट्टा कॅमेऱ्याला थेट बांधायचा नसतो. कॅमेऱ्याच्या कडीत एक छोटी दोरी अडकवायची, तिच्या टोकाला बटणाएवढी गोल चकती असते. हा झाला अँकर. पट्ट्याच्या टोकाला खाच असते, चकती तिच्यात दाबून सरकवली की 'टक' होऊन बसते. काढताना चकती अंगठ्याने आत दाबून मगच बाहेर सरकवावी लागते, नुसत्या ओढण्याने ती निघत नाही. रचना उत्तम आहे आणि पट्टा दोन सेकंदांत निघतो. ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवून वाऱ्यात लांब एक्स्पोजर द्यायचं असेल तर ही सोय फार मोलाची, कारण फडफडणारा पट्टा फोटो हलवतो.

एका अँकरची क्षमता कंपनी ९० किलोहून जास्त सांगते. अडीच किलोच्या सामानाला इतकं कशाला, असं वाटेल. निकॉन झेड ८ बॅटरी-कार्डासह ९१० ग्रॅम, त्यावर ७०-२०० एफ २.८ एस लेन्स, तिची ट्रायपॉडला जोडायची कॉलर धरून, १,४४० ग्रॅम. म्हणजे जवळजवळ २.३५ किलो, प्लेट आणि हूड लावलं की अडीचच्या आसपास. हा कॅमेरा हातातून निसटून अर्धा मीटर खाली आला आणि पट्ट्याने त्याला पाच सेंटीमीटरात थांबवलं, तर सरासरी ताण सुमारे २७ किलोचा. दोनच सेंटीमीटरात थांबवलं तर ६५ किलो. अँकरची दोरी ताणली जात नाही म्हटलं तरी चालेल, लवचीकपणा असतो तो पट्ट्यात आणि अंगावरच्या कपड्यांत. त्यातून कॅमेरा तिरका पडला तर सगळा झटका एकाच अँकरवर येतो. म्हणून ९० हा आकडा मला चैनीचा वाटत नाही, रास्त वाटतो. पण हा आकडा नव्या दोरीचा आहे, झिजलेल्या दोरीचा नाही.

झीज होते कुठे? दोरी कॅमेऱ्याच्या धातूवर घासते तिथे. फुजीफिल्म आणि लायकाच्या कॅमेऱ्यांना पट्टा अडकवायला गोल कान असतात, कॅननच्या बऱ्याच बॉडींना चपट्या पट्टीसाठी आडवी खाच असते, सोनीच्या ए७ मालिकेत कानात त्रिकोणी कडी येते. आडव्या खाचेची आतली कड कधी कधी धारदार असते. तपासायला साधा उपाय: कापसाची बारीक वात वळून खाचेतून चार-पाच वेळा मागेपुढे ओढा. तंतू अडकून राहिले तर तिथे धार आहे आणि ती दोरीही कापणार. अशा खाचेत दोरी थेट घालू नका, कॅमेऱ्यासोबत आलेली कडी आधी लावा आणि अँकर कडीत अडकवा. ती कडी किल्लीच्या रिंगसारखी दुहेरी वळणाची असेल तर दोरी वळणांच्या फटीत शिरत नाही ना, हे बघा. तिथे शिरलेली दोरी चिमटली जाते आणि आठवडाभरातच पिंजू लागते.

या दोरीची एक खरी हुशारी म्हणजे तिच्यात झिजेची खूण विणलेली आहे. वरचा काळा थर घासला की आतला वेगळा रंग डोकावतो. तो रंग दिसला की अँकर बदलायचा, त्यात 'अजून महिनाभर चालेल' हा हिशेब नको. अँकरच्या एका जुन्या आवृत्तीची दोरी अपेक्षेपेक्षा लवकर झिजते असं दिसल्यावर कंपनीने ग्राहकांना नवे अँकर बदलून दिले होते. त्यामुळे जुना स्लाइड सेकंडहँड मिळत असेल तर पट्टा खुशाल घ्या, पण त्याच्यासोबतचे अँकर वापरू नका. नवी जोडी वेगळी विकत मिळते आणि ती लेन्सच्या फिल्टरपेक्षा स्वस्त पडते.

धूळ हा इथला मोठा शत्रू. उन्हाळ्यात सफारीच्या रस्त्यावरची लाल माती, कोकण किनाऱ्यावरची वाळू, मिरवणुकीतला गुलाल, सगळं दोरीच्या विणीत शिरतं आणि आतून कानशीसारखं घासत राहतं. वरून दोरी ठीक दिसते, बोटांत धरून वाकवली की आत करकर जाणवते. वाळू चकतीच्या खाचेतही बसते आणि मग चकती पूर्ण आत जात नाही. स्लाइडमधला सगळ्यात घातक प्रकार माझ्या मते हाच: अर्धवट बसलेली चकती. ती वजन पेलते, चालताना टिकते आणि कॅमेरा उचलून फिरवला की निसटते. म्हणून 'टक' ऐकणं पुरेसं नाही. जोडल्यावर दोन्ही टोकं एकेक करून चिमटीत धरून खाली जोरात ओढावीत. गर्दीत, ढोल-ताशात 'टक' ऐकू येतच नाही, तिथे ओढून बघणं हीच खात्री.

दुसरी उणीव लांबी कमी-जास्त करणाऱ्या धातूच्या हँडलची. ते एका बोटाने उघडतं, आणि नेमकं म्हणूनच बॅगच्या पट्ट्यात किंवा शेजारच्याच्या कोपरात अडकून आपोआप उघडू शकतं. मग पट्टा एकदम लांबतो आणि कमरेवरचा कॅमेरा गुडघ्याशी जाऊन आपटतो. गर्दीत जायचं असेल तर हँडल पाठीकडे येईल असा पट्टा घाला. तिसरी तक्रार किरकोळ: अँकर बॉडीवर टकटकतात, व्हिडिओत तो आवाज येतो, आणि उजवीकडची चकती ग्रिपवर तळव्याखाली टोचते.

आता ज्याच्याशी याची नेहमी तुलना होते तो ब्लॅकरॅपिड. सिएटलच्या या कंपनीची पद्धत वेगळी. कॅमेऱ्याच्या तळाशी ट्रायपॉडसाठी असलेल्या भोकात एक बोल्ट बसतो, त्याला कॅरॅबिनर (उघड-बंद होणारी धातूची कडी) लटकतो आणि कॅमेरा कमरेशी उलटा राहतो. दिवसभर दोन बॉडी घेऊन फिरणाऱ्याला हा आराम दुसरा कुठला पट्टा देत नाही, हे मान्य करायलाच हवं. प्रश्न बोल्टचा आहे. पाव इंची भोकात इंचाला २० आटे असतात, म्हणजे एका आट्याचं अंतर १.२७ मिमी. भोक उथळ असल्याने जेमतेम तीन-चार आटे पकडतात. तेवढ्यावर सगळा कॅमेरा लोंबतो आणि चालताना हेलकावे खात बोल्टभोवती फिरतो. हे फिरणं उलट दिशेने झालं की बोल्ट थोडा थोडा सैल होत जातो.

यावर इलाज आहेत. बोल्टखालचं रबरी वॉशर काढून टाकू नका, तोच ब्रेक आहे. वॉशर आणि कॅमेऱ्याचा तळ, दोन्ही कोरडे असू द्या. हाताने पूर्ण आवळल्यावर आणखी पाव फेरा द्या, त्याहून जास्त नको. बोल्ट आणि तळ यांवर मार्करने एकच सरळ रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला, इतकं सोपं आहे ते. कॅरॅबिनरची फिरकी शेवटपर्यंत बंद करून वर प्लास्टिकचं लॉकही चढवा. आट्यांना चिकटद्रव लावायचा सल्ला सर्रास दिला जातो. तो प्लास्टिकच्या बॉडीवर मुळीच पाळू नका, कारण धातूसाठी बनलेल्या या द्रवांनी काही प्लास्टिकला बारीक तडे जातात. त्यापेक्षा पट्टा आणि कॅमेऱ्याचा कान यांच्यामध्ये एक आखूड सेफ्टी टेदर, म्हणजे जादाची सुरक्षा-दोरी, टाका. बोल्ट निघालाच तर कॅमेरा जमिनीपर्यंत जात नाही. आणि लेन्स जड असेल, सिग्मा १५०-६०० काँटेम्पररी १,९३० ग्रॅमची किंवा निकॉन २००-५०० कॉलरसह २,३०० ग्रॅमची, तर बोल्ट लेन्सच्या पायाला (कॉलरखालच्या ट्रायपॉडच्या पट्टीला) लावायचा, बॉडीला नाही. नाहीतर सगळा भार माउंटवर, म्हणजे लेन्स आणि बॉडीच्या जोडावर, येतो. स्लाइडलाही हाच नियम: एक अँकर लेन्सच्या पायाच्या प्लेटला, दुसरा बॉडीला.

डब्यातल्या पट्ट्याची चेष्टा होते ती अन्यायाची आहे. कॅनन-निकॉनसोबत आलेला पट्टा नीट ओवला तर त्याला स्प्रिंग नाही, लॉक नाही, सुटण्यासारखं काहीच नाही. ओवताना टोक आधी छोट्या पट्टीकडीतून, मग बाहेरून आत कॅमेऱ्याच्या कानातून, परत त्याच पट्टीकडीतून, आणि शेवटी बकलमध्ये आधीच्या पट्टीच्या खालून. उरलेलं टोक पाच सेंटीमीटर तरी ठेवा आणि जोरात ओढून बकल घट्ट बसवा. टोक बकलच्या अगदी कडेला संपत असेल तर दोन-तीन महिन्यांच्या हेलकाव्यांत ते सरकत सरकत निघतं. घाम येणाऱ्या मानेला तो पट्टा काचतो, हे खरंच. निओप्रीन या मऊ, लवचीक रबराचे पट्टे, उदाहरणार्थ ऑपटेकचे, तिथे सुखाचे, मात्र चालताना कॅमेरा त्यांवर वरखाली नाचतो.

चामड्याच्या पट्ट्यांबद्दल थोडक्यात: देखणे असतात, पण पावसाळ्यात बुरशी धरतात, आणि कडीच्या वळणावर चामडं तडकलं की वरून लावलेल्या तेलाने ते पुन्हा मजबूत होत नाही. उसवलेली शिवण दुरुस्त करून घेतलीत तर दोरा नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा मागा. सुती दोरा घामाने कुजतो.

नक्कल केलेले अँकर ऑनलाइन आणि बाजारात ढिगाने मिळतात. चकती हुबेहूब असते, दोरी कशाची आहे ते कळत नाही. नवा पट्टा, अस्सल असला तरी, कॅमेऱ्याला लावण्याआधी एक चाचणी घ्यावी. दोन्ही अँकर १० लिटरच्या बादलीच्या कडीला अडकवा, पट्टा भक्कम खुंटीला किंवा खिडकीच्या गजाला टांगा, बादली काठोकाठ भरा. पाण्याचेच दहा किलो झाले, म्हणजे सामानाच्या चौपट. तासभर राहू द्या, मग बादली हाताने एक-दोन इंच उचलून सोडा, असं पाच-सहा वेळा. बादली उतरवून शिवणीतले टाके भिंगातून बघा: पट्टी दुमडून शिवलेल्या जागी टाका ताणून भोक लांबट झालं असेल, चकती दोरीच्या मुळाशी हलत असेल, खाचेच्या प्लास्टिकवर पांढुरकी रेघ उमटली असेल, तर तो पट्टा परत करा.

निगा फार नाही. समुद्रावरून किंवा मिरवणुकीतून आल्यावर पट्टा आणि अँकर साध्या पाण्यात अर्धा तास बुडवून, साबणाच्या पातळ पाण्यात चोळून सावलीत वाळवा. ब्लीच नको, इस्त्री नको, गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवणं नको. उन्हाने नायलॉनची ताकद कमी होते आणि ते नुसतं बघून कळत नाही. रोज कॅमेरा वापरणाऱ्याने अँकर वर्षाला बदलावेत, रंग दिसो वा न दिसो. महिन्यातून एखाद्या रविवारी कॅमेरा काढणाऱ्याला ते कित्येक वर्षं पुरतील, फक्त दर वेळी दोरी बोटांत फिरवून बघावी. आणि काढलेले अँकर ड्रॉवरमध्ये 'असू दे' म्हणून ठेवू नका, दोरी कात्रीने कापूनच टाका, म्हणजे घाईत दुसऱ्या कॅमेऱ्याला तेच लावले जाणार नाहीत.