फायनल इयर प्रोजेक्ट 'करून देणाऱ्या' सेंटरचा आमचा अनुभव

बीई कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला असाल किंवा घरात कोणी असेल तर हे पूर्ण वाचा, कारण कॉलेज सुरू झालं की यांचा सीझन लागतो आणि गेटबाहेर पॅम्प्लेट वाटणारी पोरं उभी राहतात. आम्ही चौघं, पुण्यातलं कॉलेज, गाईड मॅडमकडे आधीच ढीगभर ग्रुप त्यामुळे त्यांना वेळ नाही, मग एका सीनियरने या सेंटरचा पत्ता दिला. म्हणे चांगलं गायडन्स मिळतं. नाव लिहीत नाही, असली सेंटरं नाव बदलत राहतात, पद्धत ओळखा म्हणजे झालं.

तिथला दादा बोलायला एकदम गोड. "तुम्ही फक्त टॉपिक सांगा, युनिक करून देतो, कोड लाइन बाय लाइन शिकवतो, ब्लॅक बुक (म्हणजे प्रोजेक्टचा छापील रिपोर्ट), पीपीटी, पेपर पब्लिकेशन सगळं पॅकेजमध्ये." चौघांत मिळून २२ हजार, अर्धे आधी. आमच्यातल्या एकाच्या घरी निफाडला द्राक्षबाग, त्यामुळे टॉपिक त्याचाच, पानाचा फोटो काढायचा आणि अॅपने रोग सांगायचा. दादा लगेच म्हणाला, ९९ टक्के अॅक्युरसी देतो, लिहून घ्या.

आता हा ९९ कुठून येतो ते सांगतो, कारण पानांच्या रोगाचा प्रोजेक्ट विकणारे सगळे हाच आकडा सांगतात. प्लांटव्हिलेज नावाचा फुकट मिळणारा डेटासेट आहे, १४ पिकं, ५४ हजारांवर फोटो, रोगी-निरोगी मिळून ३८ प्रकार. पानं तोडून साध्या बॅकग्राउंडवर ठेवून काढलेले फोटो. त्यावर २०१६ च्या एका पेपरमध्ये ९९.३५ टक्के अॅक्युरसी आलीय, आणि त्याच पेपरमध्ये स्पष्ट लिहिलंय की वेगळ्या परिस्थितीत काढलेले बाहेरचे फोटो दिल्यावर ती ३१ टक्क्यांच्या आसपास घसरली. दादाने पहिला आकडा विकला आणि दुसरा गिळला.

ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला, मित्राच्या बागेत डाऊनी (केवडा रोग) आली, त्याने पानाचे फोटो काढून अॅपला दिले. अॅप म्हणालं ब्लॅक रॉट, ९८ टक्के. दुसरं पान, परत ब्लॅक रॉट. मग भुरी या दुसऱ्या रोगाचं एक पान दिलं तर लीफ ब्लाइट. त्याचे वडील मागे उभे होते, म्हणाले, "हे अॅप कुणाच्या बागेसाठी केलंय रे?" दादाला फोन केला तर म्हणे मोबाईलचा कॅमेरा बदला. शेवटी आम्हीच डेटासेटचे फोल्डर उघडले तर द्राक्षाचे चारच प्रकार, ब्लॅक रॉट, एस्का, लीफ ब्लाइट आणि निरोगी. डाऊनी नाही, भुरी नाही! म्हणजे नाशिककडे ज्या दोन रोगांच्या फवारणीवर शेतकऱ्याचा पैसा जातो तेच नाहीत, आणि असं मॉडेल 'मला माहीत नाही' कधीच म्हणत नाही, दिलेल्या नावांपैकी एक छातीठोकपणे सांगून मोकळं होतं. (दादासारखंच.)

'युनिक'चं म्हणाल तर लॉगिनच्या कोडमध्ये डेटाबेसचं नाव दुसऱ्याच कॉलेजच्या ग्रुपचं होतं, त्यांच्या ग्रुप नंबरसकट. शोधून त्यांना फोन केला, तेही याच सेंटरचे, फक्त त्यांच्या टायटलमध्ये द्राक्षाऐवजी टोमॅटो. लाइन बाय लाइन शिकवणं म्हणजे एका रविवारी तीन ग्रुप एकत्र बसवून कोड स्क्रोल करून दाखवला.

तरी पैसे अडकलेले म्हणून ब्लॅक बुकची वाट बघत बसलो. सोबत प्लॅगरिझम रिपोर्ट (मजकूर किती कॉपी आहे ते सांगणारा) आला, ७ टक्के, दिसायला झकास, पण फाइलच्या आत टायटल टोमॅटोवाल्यांचं. मॅडमनी कॉलेजच्या सॉफ्टवेअरवर टाकलं तर ६४. यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०१८ चे नियम बघा, ते मास्टर्स-पीएचडीच्या थीसिससाठी आहेत, बीईच्या प्रोजेक्ट रिपोर्टला थेट लागू नाहीत, पण अंदाज येतो, १० टक्क्यांपर्यंत दंड नाही आणि थीसिस ६० च्या वर गेला तर रजिस्ट्रेशन रद्द होऊ शकतं. मॅडमनी सबमिशनच्या आधी तपासलं म्हणून वाचलो, नंतर रात्री जागून बुक स्वतः लिहिलं. मित्राच्या बागेतले फोटो घातले, अॅक्युरसी पार खाली आली, आणि एक्स्टर्नल सरांनी (बाहेरून आलेल्या परीक्षकांनी) अर्धा वेळ त्याच खाली आलेल्या आकड्यावर प्रश्न विचारले, उत्तरंही देता आली.

पेपरचं तर वेगळंच. 'इंटरनॅशनल जर्नल', मेल गेला आणि दुसऱ्या दिवशी अॅक्सेप्टन्स, एक दुरुस्ती नाही, वर ठळक अक्षरात आयएसएसएन आणि इम्पॅक्ट फॅक्टर. आयएसएसएन हा नुसता नोंदणी क्रमांक असतो, त्यावरून दर्जा कळत नाही, आणि खरा इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलमधल्या पेपरचा इतर पेपर किती संदर्भ देतात त्याचा आकडा) क्लॅरिव्हेट कंपनीच्या यादीतला, तिथे या जर्नलचं नावच नाही. 'यूजीसी अॅप्रूव्हड' म्हणाले तर त्यावरही लगेच विश्वास ठेवू नका, २०१८ च्या मे महिन्यात यूजीसीने स्वतःच यादीतून ४ हजारांवर जर्नल काढली होती.

पैसे मागायला गेलो तर दादाने आमचीच पावती पुढे केली. त्यावर 'प्रोजेक्ट' हा शब्दच नाही, 'ट्रेनिंग फी' लिहिलंय, आणि ट्रेनिंग तर दिलं, तो रविवार! आता राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार दिलीय, व्हॉट्सअॅपवरचं ९९ टक्क्यांचं बोलणं आणि पॅकेजचं पॅम्प्लेट जोडून. अशी 'ट्रेनिंग फी'वाली पावती तुमच्याकडे असेल तर फाडू नका आणि चॅट डिलीट करू नका, टोमॅटोवाल्यांनी केलं आणि आता त्यांच्याकडे दाखवायला काही नाही.