फ्रीबीएसडीवर रेडिऑन आरएक्स ६६००: कार्ड उत्तम, अपग्रेड जपून

फ्रीबीएसडी (युनिक्सच्या घराण्यातली मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम) १४ च्या डेस्कटॉपसाठी ग्राफिक्स कार्ड घेताना सगळ्यात ताज्या मॉडेलच्या नादी लागू नये. इथला ओपन ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नेलमधून, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातून, आणलेला असतो, म्हणून तो कायम थोडा मागे असतो. या ड्रायव्हरच्या पॅकेजांपैकी डीआरएम-५१५-केमॉड म्हणजे लिनक्स ५.१५ मधला कोड, डीआरएम-६१-केमॉड म्हणजे ६.१ मधला. २०२१ चं एएमडी रेडिऑन आरएक्स ६६०० दोन्हींत चालतं, हाच त्याचा मोठा गुण. ८ जीबी मेमरी, १३२ वॉट, एकच ८-पिन जोडणी. पीसीआयईच्या (कार्ड ज्या खाचेत बसतं तिच्या) लेन आठच आहेत, ३.० च्या जुन्या बोर्डावर खेळांत थोडा फरक पडेल, एरवी कळणारही नाही.

बसवणं सोपं आहे. पीकेजी या पॅकेज बसवण्याच्या कमांडने डीआरएम-केमॉड हे पॅकेज घ्या. तुमच्या आवृत्तीला जुळणारा ड्रायव्हर आणि फर्मवेअर ते स्वतःच ओढून आणतं. मग सिस्टिम सुरू होताना काय चालवायचं ते सांगणाऱ्या आरसी.कॉन्फ फाइलला लगेच हात लावू नका. आधी उघड्या फाइल्स जतन करा, सिंक चालवा (म्हणजे सगळं डिस्कवर लिहिलं जातं) आणि केएलडीलोड या कमांडने एएमडीजीपीयू हा ड्रायव्हरचा कर्नेल मॉड्यूल हाताने चढवून बघा. मशीन गोठलंच तर रिबूट केल्यावर सगळं पूर्ववत असेल. डीमेसेजमध्ये (कर्नेलच्या संदेशांच्या यादीत) कार्डाचं सांकेतिक नाव ‘डिमग्रे केव्हफिश’ असं दिसतं, ते बरोबरच आहे. कन्सोलची अक्षरं बारीक होऊन पूर्ण रिझोल्यूशन आलं की मग आरसी.कॉन्फमधल्या केएलडी_लिस्टमध्ये नाव टाका. त्याऐवजी लोडर.कॉन्फ या बूट लोडरच्या फाइलमध्ये टाकायला सांगणारे जुने लेख सापडतात. तसं करू नका, बूट लोडरच्या टप्प्यावर हा मॉड्यूल चढवला तर मशीन सुरू होतानाच अडकू शकतं.

सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे वापरकर्त्याला व्हिडिओ ग्रुपमध्ये घालणं. ते राहिलं तरी डेस्कटॉप दिसतो, म्हणून शंका येत नाही. पण मेसाला (थ्रीडी चित्र काढणाऱ्या लायब्ररीला) कार्डापर्यंत पोहोचता येत नाही आणि चित्र काढायचं सगळं काम सीपीयूवर पडतं. जीएलएक्सइन्फो ही कमांड चालवून रेंडररची, म्हणजे चित्र कोण काढतंय ते सांगणारी, ओळ वाचा: तिथे एलएलव्हीएमपाइप असेल तर कार्ड नुसतंच बसलंय, रेडिऑनएसआय असेल तर कामाला लागलंय. ग्रुप बदलल्यावर लॉगआउट करून परत यावं लागतं. एक्सऑर्गला (पडद्यावर खिडक्या दाखवणारा प्रोग्राम, थोडक्यात एक्स) वेगळी कॉन्फिग फाइल लागत नाही. व्हेसा किंवा एससीएफबी या साध्या ड्रायव्हरांचं नाव लिहिलेली जुनी फाइल पडून असेल तर ती मात्र हटवा, नाहीतर एवढं कार्ड असून एक्स त्याच जुन्या ड्रायव्हरवर चालेल.

खरी परीक्षा अपग्रेडची. पॅकेजं त्या शाखेतल्या, अजून सपोर्ट असलेल्या सर्वात जुन्या आवृत्तीवर बांधली जातात. साध्या प्रोग्रामांना त्याने काही होत नाही. कर्नेल मॉड्यूलला होतं. नव्या कर्नेलवर जुना मॉड्यूल चढवला की ‘व्हर्जन मिसमॅच’ येतं, आणि नशीब वाईट असेल तर थेट पॅनिक, म्हणजे कर्नेलच कोसळतो. यासाठी आता कर्नेल मॉड्यूलांची वेगळी रिपॉझिटरी आहे, ती चालू ठेवा. नसेल तर चालू कर्नेलचाच सोर्स यूएसआर-एसआरसी या फोल्डरमध्ये ठेवून पोर्ट्समधून (सोर्सवरून प्रोग्राम बांधायच्या संग्रहातून) मॉड्यूल बांधा. डिस्कवर झेडएफएस ही फाइल सिस्टिम असेल तर अपग्रेडआधी बीईसीटीएल या कमांडने बूट एन्व्हायर्नमेंट, म्हणजे सध्याच्या सिस्टिमची परत बूट करता येणारी प्रत, तयार करा. काळा पडदा आला तर बूट मेनूतून जुन्यावर परतता येतं. यूएफएस ही दुसरी फाइल सिस्टिम वापरणाऱ्यांना सिंगल यूजर मोडमध्ये (दुरुस्तीसाठीच्या किमान बूटमध्ये) जाऊन केएलडी_लिस्टची ओळ बंद करावी लागेल.

एनव्हिडियाचं कार्ड आधीच असेल तर कंपनीचा बंद ड्रायव्हर फ्रीबीएसडीवर चांगला चालतो. फक्त ड्रायव्हरची शाखा नीट निवडा: केप्लर पिढीच्या जुन्या कार्डांना ४७०, त्याहून जुन्या फर्मीला ३९०. ओपनबीएसडी या भावंड सिस्टिमवर तो मार्ग नाहीच; उलट तिथे एएमडीचा ड्रायव्हर कर्नेलमध्येच असतो, एफडब्ल्यू_अपडेट या कमांडने फर्मवेअर आणलं की काम झालं. कर्नेल आणि ड्रायव्हर एकत्रच येत असल्याने ‘मिसमॅच’ची कटकट उरत नाही.

ब्लेंडरमध्ये जीपीयूवर रेंडर करायचं असेल किंवा मशीन लर्निंग करायचं असेल तर हे कार्ड फ्रीबीएसडीसाठी घेऊ नका. त्यासाठी लागणारं एएमडीचं सॉफ्टवेअर आरओसीएम इथे नाही, आणि एनव्हिडियाच्या फ्रीबीएसडी ड्रायव्हरमध्ये त्याच कामाचं कुडाही नाही.