डेबियन १२ ते १३: लॅपटॉपचा आवाज, एसओएफ फर्मवेअर आणि न थांबणारा 'टक्' (काही महिन्यांच्या वापरानंतर)

डेबियन या लिनक्स प्रणालीच्या १२ आवृत्तीवरून १३ वर आल्यावर, आवाज सुरू होताना स्पीकरमधून येणारा 'टक्' परत आला. १२ वर तो बंद करून ठेवलेला होता, सेटिंगची फाइलही जागच्या जागी होती, तरी आला. त्यामागचं कारण खाली सविस्तर दिलं आहे, पण आधी बाकीचं, कारण बहुतेकांची गाडी 'टक्'पर्यंत पोचतच नाही. आवाजच नाही, इथेच अडते.

मशीन इंटेलच्या ११व्या पिढीचं आय-५, रिअलटेकचं कोडेक (डिजिटल आवाजाचं विद्युत संकेतांत रूपांतर करणारी चिप), पडद्याच्या वर दोन डिजिटल माइक, डेस्कटॉप ग्नोम. मॉडेलचं नाव देत नाही, कारण यातलं जवळजवळ सगळं या पिढीच्या कुठल्याही इंटेल लॅपटॉपला लागू होतं. आज्ञा आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत टाइप करायची.

लिनक्सवर साउंड ड्रायव्हर शोधून, उतरवून इन्स्टॉल करायचा नसतो. ड्रायव्हर म्हणजे अल्सा, आणि तो २.६ आवृत्तीपासून कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, आतच आहे. कुठून तरी टारबॉल (सोर्स कोडची गठडी) आणून कंपाइल करायच्या फंदात पडू नका. त्याने चालू असलेल्या कर्नलचे मॉड्यूल बिघडतात, आणि पुढच्या कर्नल अपडेटला सगळं पुन्हा करावं लागतं. आवाज नसतो तेव्हा चारपैकी एक गोष्ट झालेली असते: फर्मवेअरची (चिपवर चालणाऱ्या प्रोग्रामची) फाइल नाही, चुकीच्या ड्रायव्हरने कार्ड धरलंय, मिक्सरमध्ये काहीतरी म्यूट आहे, किंवा वरचा पाइपवायरचा थर (प्रोग्रामांचा आवाज कार्डापर्यंत पोचवणारा) अडकलाय. यातलं कुठलं, हे ठरवल्याशिवाय काहीही इन्स्टॉल करू नये.

सुरुवात 'एलएसपीसीआय -एनएनके' या आज्ञेने. ऑडिओचं उपकरण बहुधा ००:१एफ.३ या पत्त्यावर दिसतं. त्याखालची 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ बघा. तिथे 'एसएनडी_एचडीए_इंटेल' असेल तर जुना, सरळ ड्रायव्हर चालू आहे. 'एसओएफ-ऑडिओ-पीसीआय-इंटेल-टीजीएल' असेल तर साउंड ओपन फर्मवेअरचा, म्हणजे एसओएफचा. ही ओळ लिहून ठेवा, पुढचे निम्मे निर्णय तिच्यावर आहेत.

मग 'सुडो डीमेसेज' (टाइप करताना डी-एम-ई-एस-जी) चालवून त्यात 'एसओएफ' शोधा. नेहमीचा दोष असा दिसतो: 'इंटेल/एसओएफ/एसओएफ-टीजीएल.आरआय' ही फाइल लोड झाली नाही, एरर उणे २. उणे २ म्हणजे फाइल जागेवर नाही, एवढंच. चिप मेलेली नाही, मदरबोर्ड गेलेला नाही. अशा अवस्थेत ग्नोमच्या सेटिंगमध्ये फक्त 'डमी आउटपुट' दिसतं, आणि असा लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात नेला की साउंड आयसी बदलण्याचा सल्ला मिळू शकतो. त्या सल्ल्यावर एक रुपयाही घालवण्याआधी ही ओळ बघाच.

उपाय एका पॅकेजचा: 'सुडो एप्ट इन्स्टॉल फर्मवेअर-एसओएफ-साइन्ड', मग रीस्टार्ट. पॅकेज सापडत नाही असं उत्तर आलं तर दोष रिपॉझिटरीच्या (पॅकेज जिथून उतरतात त्या ठिकाणांच्या) यादीत आहे. डेबियन ११ मध्ये हे पॅकेज 'नॉन-फ्री' विभागात होतं. १२ पासून (जून २०२३) फर्मवेअरसाठी 'नॉन-फ्री-फर्मवेअर' हा वेगळा विभाग झाला. ज्यांनी ११ वरून वर चढताना यादीत फक्त आवृत्तीचं नाव बदललं, त्यांच्याकडे हा विभाग नसतो आणि फर्मवेअर जुनंच राहतं. सोर्सेस फाइलमध्ये 'मेन' असलेल्या ओळीत 'नॉन-फ्री-फर्मवेअर' जोडा, 'सुडो एप्ट अपडेट' करा, मग पॅकेज मिळेल. यात दोन प्रकारच्या फाइली असतात: फर्मवेअर स्वतः आणि 'एसओएफ-टीपीएलजी' फोल्डरमधली टोपॉलॉजी (आवाजाच्या जोडण्यांचा नकाशा). दोन माइक असतील तर 'एसओएफ-एचडीए-जेनेरिक-२सीएच', चार असतील तर '४सीएच'. हाताने एकच फाइल आणून टाकणाऱ्यांचं काम इथे अडतं: फर्मवेअर चढतं, टोपॉलॉजी मिळत नाही, आणि कार्ड तरीही उभं राहत नाही.

आता एका सल्ल्याबद्दल, जो जिथे तिथे दिला जातो आणि ज्याची मला खरोखर चीड आहे. मॉडप्रोबच्या (ड्रायव्हरचे पर्याय ठेवायच्या) फोल्डरमध्ये एक फाइल करा, त्यात 'ऑप्शन्स एसएनडी-इंटेल-डीएसपीसीएफजी डीएसपी_ड्रायव्हर=१' लिहा, आवाज येईल. येतो, हे खरं. १ म्हणजे जुना एचडीए ड्रायव्हर सक्तीने लावणं, आणि स्पीकर कोडेकला जोडलेला असल्यामुळे तो वाजतो. पण पडद्यावरचे डिजिटल माइक कोडेकला जोडलेले नसतात, ते इंटेलच्या डीएसपीला (आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या प्रोसेसरला) जोडलेले असतात. जुना ड्रायव्हर डीएसपीकडे बघतच नाही, त्यामुळे आतला माइक यादीतून नाहीसा होतो. सल्ला देणारा हे सांगत नाही. घेणारा दोन आठवड्यांनी व्हिडिओ कॉलवर बसतो, माइक गेला म्हणून नवा हेडसेट विकत आणतो. फर्मवेअर मिळेपर्यंतची तात्पुरती सोय म्हणून १ ठीक आहे. नंतर ती ओळ काढून टाका. एसओएफ नीट चाललं की 'एरेकॉर्ड -एल' च्या यादीत 'डीएमआयसी' नावाची नोंद दिसते. ती दिसत नसेल तर काम अर्धंच झालंय.

मिक्सरबद्दल थोडक्यात. 'अल्सामिक्सर' उघडा, एफ६ ने खरं कार्ड निवडा. पट्टीखाली 'एमएम' म्हणजे म्यूट, 'एम' दाबलं की '००' होतं. 'मास्टर' आणि 'स्पीकर' दोन्ही बघा. हेडफोन काढल्यावरही स्पीकर गप्प राहत असेल तर 'ऑटो-म्यूट मोड' बंद करून बघा. मग 'सुडो अल्सासीटीएल स्टोअर', म्हणजे ही अवस्था जतन होते. टीव्ही जोडल्यावर आवाज एचडीएमआयकडे गेला आणि परत आला नाही तर 'डब्ल्यूपीसीटीएल स्टेटस' मध्ये स्पीकरचा क्रमांक बघून 'डब्ल्यूपीसीटीएल सेट-डिफॉल्ट' ला तो द्या. विंडोजही ठेवलं असेल तर तिथलं फास्ट स्टार्टअप बंद करा, म्हणजे बंद करताना ते उपकरणं खरोखर सोडेल.

आता 'टक्'. गाणं सुरू होताना, संदेश आल्यावर, व्हिडिओ थांबवून पुन्हा चालू केल्यावर स्पीकरमधून एक बारीक 'टक्' येतो आणि त्यापाठोपाठ आवाजाचा पहिला तुकडा गायब असतो. पुष्कळ लोक याला किरकोळ म्हणतात. मला ते पटत नाही. ऑर्का हा स्क्रीन रीडर ईस्पीकच्या मराठी आवाजात वापरणाऱ्या माणसाचा विचार करा. शांततेनंतर येणाऱ्या प्रत्येक वाक्याचं पहिलं अक्षर गिळलं गेलं, तर 'अयशस्वी' चं 'यशस्वी' ऐकू येतं आणि 'अपूर्ण' चं 'पूर्ण'. ज्याला पडदा दिसत नाही त्याच्यासाठी हा किरकोळ दोष नाही.

कारण वीज वाचवण्यात आहे. आवाज थांबला की वायरप्लंबर (पाइपवायरची उपकरणं सांभाळणारा प्रोग्राम) ५ सेकंद वाट बघतो आणि उपकरण सोडून देतो. उपकरण सुटलं की कोडेक आणि ॲम्प्लिफायरची वीज खाली येते. पुढचा आवाज आला की ती परत चढते, तेव्हा आउटपुटवरचा स्थिर व्होल्टेज एकदम हलतो आणि स्पीकरचा पडदा दचकतो. तो 'टक्'. ॲम्प्लिफायर स्थिरावेपर्यंत जो आवाज पाठवला गेला, तो वाया जातो. हे डोळ्यांनी बघता येतं. '/प्रॉक/असाउंड/कार्ड०/पीसीएम०पी/सब०/स्टेटस' ही फाइल 'कॅट' ने वाचा. गाणं चालू असताना 'रनिंग', थांबवून दहा सेकंदांनी 'क्लोज्ड'. 'क्लोज्ड' झाल्यानंतरच्या पहिल्याच आवाजाला 'टक्' येत असेल तर रोग हाच.

इथे बहुतेक ठिकाणी एक ओळ सुचवलेली दिसते: 'एसएनडी_एचडीए_इंटेल' ला 'पॉवर_सेव्ह=०' द्या. हा पर्याय जुन्या ड्रायव्हरचा आहे. कार्ड एसओएफने धरलं असेल तर या ओळीने काही फरक पडत नाही, म्हणून वर ड्रायव्हरचं नाव लिहून ठेवायला सांगितलं. जुन्या ड्रायव्हरवर ती उपयोगी आहे, पण टीएलपी (बॅटरी वाचवणारं साधन) बसवलेलं असेल तर चार्जर लावताकाढताना टीएलपी स्वतःची किंमत पुन्हा लिहितं. मग टीएलपीच्या फाइलमध्ये 'साउंड_पॉवर_सेव्ह_ऑन_एसी' आणि 'ऑन_बॅट' दोन्ही शून्य करावे लागतात (ही नावं रोमन मोठ्या अक्षरांत). चार्जर लावल्यावर टक् नाही, काढल्यावर आहे, असं दिसलं तर आधी टीएलपीकडे बघा.

दोन्ही ड्रायव्हरांवर चालणारा उपाय वायरप्लंबरमध्ये आहे: 'सेशन.सस्पेंड-टाइमआउट-सेकंड्स' ची किंमत ०. डेबियन १२ मधला वायरप्लंबर ०.४ आहे आणि त्याची सेटिंग ल्युआ भाषेत, होम फोल्डरमधल्या '.कॉन्फिग/वायरप्लंबर/मेन.ल्युआ.डी' मध्ये लिहावी लागते. एक कंस चुकला की नियम लागू होत नाही. १२ वरच्या वापरावर बेतून मी पाइपवायरला पाचपैकी तीन दिले असते: आवाज चांगला, ब्लूटूथ चांगलं, पण साधी सवय बदलायला प्रोग्रामिंगची भाषा हवी.

१३ वर (ऑगस्ट २०२५) वायरप्लंबर ०.५ आला आणि त्याने ल्युआमधली सेटिंग वाचणं सोडलं. जुनी फाइल डिस्कवर तशीच पडून राहते, डेस्कटॉपवर कसलीही सूचना येत नाही, आणि ५ सेकंदांचा नियम पुन्हा सुरू होतो. 'टक्' परत आला तो यामुळे. आता फाइल '.कॉन्फिग/वायरप्लंबर/वायरप्लंबर.कॉन्फ.डी' या फोल्डरमध्ये, '.कॉन्फ' शेपटीने हवी. आत 'मॉनिटर.अल्सा.रूल्स' नावाची यादी, तिच्यात एक नियम. 'मॅचेस' मध्ये 'नोड.नेम' ची किंमत '~अल्सा_आउटपुट.*', आणि 'ॲक्शन्स' मधल्या 'अपडेट-प्रॉप्स' मध्ये 'सेशन.सस्पेंड-टाइमआउट-सेकंड्स = ०'. नोडचं (इथे आउटपुटचं) पूर्ण नाव लिहू नका. आवृत्तीगणिक ते बदलू शकतं, आणि मग नियम पुन्हा निकामी होतो. टिल्डा आणि तारा असलेलं रूप टिकतं. त्यानंतर 'सिस्टमसीटीएल --यूजर रीस्टार्ट वायरप्लंबर', आणि तीच 'स्टेटस' फाइल पुन्हा वाचा. गाणं थांबवून मिनिट झालं तरी 'रनिंग' राहिलं पाहिजे.

याचे दोन तोटे आहेत. एक, ऑडिओ कंट्रोलर झोपत नाही, म्हणजे बॅटरीवर थोडा भार. बॅटरी जुनी असेल तर ० ऐवजी ३०० द्या. पाच मिनिटं शांतता असेल तरच उपकरण झोपेल, आणि दिवसभरात 'टक्' मोजकेच वेळा येईल. स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांनी मात्र ०च ठेवावा. दोन, उपकरण कायम धरलेलं राहिल्यामुळे थेट अल्साशी बोलणाऱ्या प्रोग्रामला 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' मिळतं. 'स्पीकर-टेस्ट' ला 'प्लगएचडब्ल्यू:०,०' देऊन चाचणी करायची असेल तर आधी वायरप्लंबर थांबवावा लागतो.

एवढी चिडचिड करूनही १३ वर आल्यावर मत बदललं आहे. नवी फाइल ल्युआ न येणाऱ्यालाही वाचता येते, आणि काही सेटिंग तर फाइलशिवाय बदलता येतात. ब्लूटूथ हेडफोनचं उदाहरण घ्या. कॉल सुरू झाला की माइकसाठी प्रोफाइल ए२डीपी (संगीत ऐकण्याचं) वरून हेडसेटवर जातं आणि आवाज पातळ होतो, कारण तिथे नमुन्यांचा वेग बहुधा १६ किलोहर्ट्झ, जुन्या कोडेकवर ८. लॅपटॉपचा आतला माइक चांगला असेल तर ही अदलाबदल नकोच असते. १३ वर 'डब्ल्यूपीसीटीएल सेटिंग्ज --सेव्ह ब्लूटूथ.ऑटोस्विच-टू-हेडसेट-प्रोफाइल फॉल्स' एवढं पुरतं. म्हणून आता पाचपैकी चार. उरलेला एक गुण जुनी फाइल मुकाट्याने दुर्लक्षिल्याबद्दल कापला, आणि तो मी देणार नाही. सेटिंग रद्द होत असेल तर वापरणाऱ्याला पडद्यावर कळलं पाहिजे.

लॅपटॉप अजून घ्यायचा असेल तर दोन गोष्टी तपासा. इंटेलच्या कोअर अल्ट्रा पिढीला वेगळं फर्मवेअर लागतं, ते 'एसओएफ-आयपीसी४' फोल्डरमध्ये असतं. डेबियन १२ च्या मूळ कर्नलवर, म्हणजे ६.१ वर, त्या मशीनच्या आवाजासाठी झगडत बसू नका. थेट १३ टाका, त्यात ६.१२ आहे. दुसरं, काही पातळ मॉडेलांत स्पीकरसाठी वेगळी ॲम्प्लिफायर चिप असते. तिथे हेडफोन वाजतात आणि स्पीकर गप्प राहतात, किंवा फक्त कर्कश बाजू वाजते. विकत घेण्याआधी दुकानात लाइव्ह पेनड्राइव्हवरून सुरू करून स्पीकर, हेडफोन आणि आतला माइक तिन्ही तपासा. पाच मिनिटांचं काम आहे.

आणि हे सगळं करूनही आवाज लागला नाही तर यूएसबी साउंड कार्डचं दोन-तीनशे रुपयांचं अडॅप्टर बहुधा लावताक्षणी चालतं, कारण त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये तयार असतो. पण त्याआधी 'अल्सा-इन्फो' ही स्क्रिप्ट चालवून तिचा निकाल फाइलमध्ये ठेवा. मदत मागताना कोडेकचं नाव, ड्रायव्हर आणि मिक्सरची अवस्था त्या एका फाइलमध्ये असते. ती जोडली नाही तर पहिल्या उत्तरात तीच मागितली जाईल. कर्नल अपडेटनंतर आवाज गेला असेल तर ग्रबच्या (मशीन सुरू होताना दिसणाऱ्या यादीच्या) 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' मधून आधीचा कर्नल सुरू करा, दोन्हींवरचा 'डीमेसेज' जतन करा, आणि तक्रारीला दोन्ही फाइली जोडा.