पालांत की द्वा ओग्न्ये?

पोलंडच्या शाळांमधले दोन चेंडूखेळ. एकात दांडू लागतो, दुसऱ्यात नुसती चपळाई.

पालांतमध्ये एक संघ फटकावतो, दुसरा मैदानात पसरतो. लाकडी दांडक्याने छोटा चेंडू लांब मारायचा, पलीकडच्या रेषेपर्यंत धावायचं आणि परत यायचं. वाटेत कुणी चेंडू अंगावर हाणला की डाव उलटतो, आणि मग फटकावणारे क्षेत्ररक्षणाला! बेसबॉलचा हा चुलतभाऊच. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात तो शाळांमधून जोरात होता. दक्षिण पोलंडमधल्या सिलेशिया प्रांतात तर एवढा रुजला की पुढे तिथल्या रिब्निक शहराच्या परिसरात बेसबॉल आला तेव्हा तो लोकांना फारसा परका वाटला नाही. गंमत म्हणजे आजच्या बोली पोलिशमध्ये कुणाला ‘पालांत’ म्हटलं, तर ती शिवी होते: मूर्ख, बावळट!

द्वा ओग्न्ये, म्हणजे ‘दोन आगी’. मैदानाचे दोन भाग, मऊ चेंडू, समोरच्याला टिपायचं. आपल्या आबाधबीला रेषा आणि नियम लावावेत तसं. संघनायकाला ‘माट्का’, म्हणजे आई म्हणतात, मग तो मुलगा का असेना. ही आई प्रतिस्पर्ध्यांच्या मागे उभी राहते, त्यामुळे मधली मुलं दोन्हीकडून कैचीत. नावातल्या दोन आगी त्याच.

व्यायामाच्या तासाला द्वा ओग्न्येच सोयीचा: एक चेंडू, एक हॉल, बाहेर बर्फ असला तरी चालतं. पालांतला मोकळं माळरान हवं, शिवाय खिडक्या लांब हव्यात. तरी निवडायचा झाला तर मी पालांतच निवडेन. टिपलं जाण्याची भीती दोन्हीकडे आहे, पण कडक बसलेल्या फटक्याचा आवाज फक्त तिथेच.