वानिकी, वनस्पतिशास्त्र की पर्यावरणशास्त्र? निसर्गसंवर्धनाची पदवी कमी खर्चात घेणाऱ्यांसाठी

बारावी विज्ञान झालेली मुलं जंगल, पाणी, माती यांतच पुढे काम करायचं म्हणाली, की घरून पहिला प्रश्न येतो: फी किती? प्रश्न रास्तच आहे. पण फीच्या जोडीला आणखी तीन गोष्टी विचारायला हव्यात. राहण्या-जेवणाचं काय, पदवी किती वर्षांची, आणि त्या पदवीवर पुढे कुठल्या परीक्षांना बसता येतं. फी सर्वांत कमी म्हणून घेतलेली पदवी या तिसऱ्या प्रश्नावर महागात पडू शकते.

महाराष्ट्रातल्या मुलापुढे साधारण तीन वाटा असतात. कृषी विद्यापीठाची वानिकी (जंगल आणि झाडं वाढवण्या-सांभाळण्याचं शास्त्र) पदवी, त्याच विद्यापीठांतली कृषी अभियांत्रिकी, आणि जवळच्या महाविद्यालयातली साधी बीएस्सी. खासगी अभिमत विद्यापीठांचे पर्यावरणाचे कोर्सही आहेत, त्यांच्याबद्दल पुढे दोन वाक्यं.

दापोली की अकोला

बीएस्सी (ऑनर्स) वानिकी हा चार वर्षांचा अभ्यासक्रम. राज्यात त्यासाठी दोन नावं आधी डोळ्यांसमोर येतात: दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ आणि अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ. प्रवेश एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर, पीसीबी (जीवशास्त्राचा) किंवा पीसीएम (गणिताचा) कुठलाही गट चालतो. शेतकरी कुटुंबातल्या मुलांना सातबाऱ्यावर अधिभार, म्हणजे जादा गुण, मिळतो. त्याचे नियम त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत बघा आणि उतारा आधीच काढून ठेवा, ऐन वेळी तलाठ्याकडे खेटे नकोत.

दोन्हीकडे पुस्तकी अभ्यासक्रम जवळपास एकच. फरक आहे तो आवाराबाहेरच्या जंगलात. कोकणात, विशेषतः रत्नागिरी-सिंधुदुर्गात, झाडी भरपूर, पण ती बहुतांश खासगी मालकीची. त्यामुळे दापोलीला शिकणाऱ्याला काजू, बांबू, खैर, रोपवाटिका, देवराया आणि शेतकऱ्याच्या बांधावरचं झाड हे विषय जवळून दिसतात. स्वतःची रोपवाटिका किंवा बांबूचा धंदा डोक्यात असेल तर ही जागा उत्तम. अकोल्याकडे कोरडं पानझडी जंगल, साग, आणि उत्तरेला मेळघाट. तिथे सरकारी जंगल, वन्यजीव आणि आदिवासी गावं यांचा संबंध समोरच दिसतो. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर विदर्भात सामूहिक वनहक्क (गावाने मिळून जंगल वापरायचा आणि सांभाळायचा हक्क) मिळालेल्या ग्रामसभा बऱ्याच झाल्या, गडचिरोलीतलं मेंढा-लेखा हे त्यातलं सर्वांत परिचित नाव. या ग्रामसभांना जंगलाचा व्यवस्थापन आराखडा लिहायला जाणकार माणसं लागतात. तसल्या कामाची ओढ असेल तर माझं मत अकोल्याकडे झुकतं.

जाण्या-येण्याचा खर्चही धरा. अकोला मुंबई-नागपूर रेल्वेमार्गावर आहे. दापोलीला खेड स्टेशनवर उतरून एसटी धरावी लागते. नांदेडचा मुलगा दापोलीला गेला तर सुट्टीत घरी यायला त्याचे दोन दिवस मोडतात. दापोलीचा पाऊस आणि अकोल्याचं मे महिन्यातलं ऊन, दोन्ही सोसावं लागतं. प्रॅक्टिकल काही वर्गात बसून होत नाही.

प्रॅक्टिकल म्हणजे नेमकं काय, तेही ऐकून घ्या, कारण 'जंगल आवडतं' म्हणणाऱ्या कित्येकांचा उत्साह इथेच मावळतो. झाडाचा घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर टेप लावून मोजायचा. उतारावर झाड असेल तर वरच्या बाजूने उभं राहून मोजायचा. असं शेकडो झाडांचं करून वहीत रकाने भरायचे. सागाची फळं आलटून पालटून भिजवायची, वाळवायची, कारण त्याशिवाय ती नीट रुजत नाहीत. मग पिशव्या भरायच्या, तण काढायचं. वाघ या अभ्यासक्रमात फार कमी वेळा येतो.

गुण चांगले असतील तर सीयूईटी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षाही द्या. आयसीएआरच्या, म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या, कोट्यातून इतर राज्यांतल्या कृषी विद्यापीठांतही जागा मिळते: कर्नाटकात शिरसीचं वानिकी महाविद्यालय, हिमाचलात सोलनजवळचं नौणीचं विद्यापीठ. या कोट्यातून परराज्यात जाणाऱ्यांसाठी आयसीएआरची राष्ट्रीय प्रतिभा शिष्यवृत्ती आहे. गोवा किंवा सिंधुदुर्गातल्या मुलाला शिरसी तसं दूर नाही.

माती आणि पाणी

ज्यांचं मन जंगलापेक्षा पाणलोटात रमतं, त्यांच्यासाठी बी.टेक. कृषी अभियांत्रिकी. राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चारही कृषी विद्यापीठांत ती आहे, आणि मृद व जलसंधारण हा तिचा एक मुख्य विभाग. इथे गणित लागतंच. डम्पी लेव्हल (जमिनीची उंचसखल पातळी बघायची दुर्बीण) आणि स्टाफ (खुणांची मोजकाठी) घेऊन शिवारात समपातळी रेषा आखणं, सलग समतल चराची खोली-रुंदी काढणं, नाल्यातून किती पाणी वाहील याचा हिशोब, असं काम. पुण्याचं वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट किंवा मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळी कांचनला सुरू केलेली बायफ यांसारख्या संस्था पाणलोटात वर्षानुवर्षं काम करताहेत. मात्र याच पदवीत ट्रॅक्टर, अवजारं, ठिबक आणि धान्यप्रक्रियाही शिकावी लागते. निव्वळ निसर्गप्रेमापोटी येणाऱ्याला यंत्रांचे पेपर जड जातात.

जवळच्या कॉलेजातली बीएस्सी

खर्चाच्या बाबतीत हिला तोड नाही. घरचं जेवण, एसटीचा सवलतीचा पास, अनुदानित तुकडीची माफक फी. पण प्रवेश घेण्याआधी कार्यालयात एक गोष्ट विचाराच: हा विषय अनुदानित तुकडीत आहे की विनाअनुदानित? एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर वनस्पतिशास्त्र अनुदानित असतं आणि पर्यावरणशास्त्र विनाअनुदानित. फीमध्ये मोठी तफावत पडते.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. भारतीय वनसेवेच्या परीक्षेला यूपीएससीने पात्रतेचे विषय ठरवून दिले आहेत: पशुसंवर्धन व पशुवैद्यक, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र, प्राणिशास्त्र यांपैकी निदान एक विषय घेऊन पदवी, नाहीतर कृषी, वानिकी किंवा अभियांत्रिकीची पदवी. या यादीत पर्यावरणशास्त्र नाही, भूगोलही नाही. म्हणजे ज्या पदवीच्या नावातच पर्यावरण आहे, ती एकटी घेऊन वनसेवेचा फॉर्म भरता येत नाही, आणि शेजारच्या वर्गातला गणिताचा मुलगा तो भरतो. विचित्र आहे, पण नियम आहे. पर्यावरणशास्त्राबरोबर वनस्पती किंवा प्राणिशास्त्र हा विषय पदवीला असेल तर अडचण नाही. राज्याच्या वनसेवेची जाहिरातही अशीच विषय तपासून वाचा.

म्हणून पदवीला वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र घ्या आणि पर्यावरण पदव्युत्तरला ठेवा, असं मी सांगेन. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात पर्यावरणशास्त्राची एमएस्सी आहे, पुण्याच्याच आबासाहेब गरवारे महाविद्यालयात जैवविविधतेची. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेला १९९१ पासून अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे. तिथल्या एमएस्सी वानिकीला प्रवेश परीक्षा देऊन साधा बीएस्सी झालेला मुलगाही जाऊ शकतो. तीन वर्षं घरून शिकून मग दोनच वर्षं बाहेर राहायचं, हा मार्ग गरीब घराला झेपतो.

या वाटेची उणी बाजूही आहे. बीएस्सी वनस्पतिशास्त्र एवढ्यावर नोकरी मिळणं कठीण. वानिकी आणि कृषी अभियांत्रिकी झालेल्यांना सरकारी बँकांतल्या कृषी क्षेत्र अधिकाऱ्याच्या भरतीला बसता येतं, वनस्पतिशास्त्रवाल्याला येत नाही. वनखात्यातल्या जागा कमी आणि अर्ज ढीगभर, त्यामुळे हा दुसरा आधार अनेक वानिकी पदवीधरांना तारतो. जंगलात जायला निघालेली मुलं पीककर्जाच्या फायली बघत बसतात खरी, पण पगार वेळेवर होतो.

खासगी अभिमत विद्यापीठांबद्दल थोडक्यात: शिकवणं चांगलं असू शकतं, ओळखी होतात, पण कर्ज काढून तिथे पदवी करावी एवढे पगार या क्षेत्रात सुरुवातीला नाहीत. जायचंच तर पदव्युत्तरला जा.

पैशाचं गणित

समजा बाहेर राहण्या-जेवणाला महिना सात हजार लागतात. वर्षाचे दहा महिने धरले तर चार वर्षांत दोन लाख ऐंशी हजार होतात. शासकीय महाविद्यालयात बहुधा हा आकडाच फीपेक्षा मोठा निघतो. म्हणून 'वसतिगृहात जागा मिळेल का, आणि पहिल्याच वर्षी मिळेल का' हे फीच्या आधी विचारा. आवारातलं वसतिगृह आणि गावातली भाड्याची खोली यांत चार वर्षांत बराच फरक पडतो.

मुलींसाठी मोठी सवलत आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना केंद्रीभूत प्रवेशातून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. कृषी विद्यापीठांचे अभ्यासक्रम त्यात येतात, व्यवस्थापन कोटा येत नाही. सर्वसाधारण गटातल्या मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मी फी मिळते. राहण्यासाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आणि अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे. पैसे खात्यावर यायला वेळ लागतो, तेव्हा पहिल्या सत्राची खानावळ आणि प्रवास एवढी रक्कम घरी जमवून ठेवलेली बरी.

आता निवड. सीईटीला बरे गुण आणि वसतिगृहाची शक्यता असेल तर वानिकीच घ्या. मुलगी असेल आणि शुल्कमाफीत बसत असेल तर फार विचारही करू नका. गणित चांगलं आणि पाण्याचं वेड असेल तर कृषी अभियांत्रिकी. घरची अडचण असेल, धाकटी भावंडं शिकत असतील, तर जवळच्या अनुदानित कॉलेजात वनस्पतिशास्त्र घ्या आणि तिसऱ्या वर्षापासून डेहराडूनच्या प्रवेश परीक्षेची तयारी करा. कॅप राउंडला, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या फेरीला, पर्याय भरताना वानिकीच्या दोन्ही जागा वर ठेवा. त्यांच्याखाली नुसती यादी लांबवायला दूरची महागडी विनाअनुदानित कॉलेजं टाकू नका. त्यातलं एखादं लागलं, की 'हातची जागा कशी सोडायची' म्हणत घरचे पैसे भरून मोकळे होतात, आणि गावच्या कॉलेजातली अनुदानित जागा तोवर भरून जाते.